हवामान बदल गावात कसा समजावून सांगावा: बेळगाव सीमाभागातील कार्यकर्त्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात हवामान बदलावर बोलू इच्छिणाऱ्या शिक्षकाने, ग्रंथपालाने, महाविद्यालयीन तरुणाने किंवा पंचायत सदस्याने भाषण लिहायला बसण्यापूर्वी आपण नेमक्या कोणत्या शिवारात बोलणार आहोत, हे ठरवून घ्यावे. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, आमगाव या घाटमाथ्यावर जुलैमध्ये पाऊस दिवसच्या दिवस उसंत देत नाही, तर त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणीचा शेतकरी ढगांकडे बघत पेरावे की थांबावे या विवंचनेत असतो. कृष्णाकाठच्या मांजरी-येडूरला पाऊस म्हणजे पुराची धास्ती, आणि बेळगाव शहराला पाऊस म्हणजे राकसकोप जलाशयाची पातळी. या सर्वांसमोर एकच भाषण केले तर ते कोणाचेच होत नाही. उत्तर ध्रुवावरचे वितळणारे बर्फ खरे आहे, पण सभेची सुरुवात तेथून केली की हा आपला विषय नव्हे, असे श्रोता पहिल्या पाच मिनिटांत ठरवून टाकतो. सुरुवात त्याच्या पावसापासून करावी आणि जगाच्या तापमानाकडे तेथून जावे.

वेळ आणि जागा

भाताची रोप लागवड, सुगी किंवा ऊसतोड चालू असताना सभा घेऊ नये; लोक येणार नाहीत, आणि आले तरी त्यांचे मन शेतात असेल. सर्वांत अनुकूल काळ गुढीपाडव्यापासून रोहिणी नक्षत्रापर्यंतचा. पाडव्याला गावोगावी पंचांगवाचन होते, यंदा पाऊस किती याची चर्चा पारावर सुरू होते, आणि योगायोगाने भारतीय हवामान विभागही मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज एप्रिलमध्ये व सुधारित अंदाज मेअखेरीस जाहीर करतो. लोक स्वतःहून पावसाबद्दल बोलत असतात तेव्हा विषय लादावा लागत नाही. पंचांगाची टिंगल मात्र करू नये. नक्षत्रांचा हिशोब हा शेतकऱ्याचा कामाचा हिशोब आहे आणि आपल्या भागात तो मराठी व कन्नड दोन्ही बोलणाऱ्यांना सारखाच परिचयाचा आहे. म्हणून पावसाची आकडेवारी दाखवताना ती महिन्यांबरोबरच मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी नक्षत्रवारही मांडली तर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि नोंदवहीतले आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात.

वेगळी सभा भरवण्यापेक्षा जेथे लोक आधीच जमतात तेथे जाणे केव्हाही चांगले. दूध संकलन केंद्र, स्त्रीशक्ती गटाची बैठक, पारायणाच्या सप्ताहातील मोकळा वेळ, गणेशोत्सवाचा देखावा या सर्व चालणाऱ्या जागा आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा येथे भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनांसारख्या व्यासपीठांवर विज्ञानाला एक सत्र मागून घ्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. सीमाभागातील मराठी माणूस भाषेसाठी जेवढ्या निष्ठेने जमतो तेवढा दुसऱ्या कशासाठी क्वचितच जमतो, आणि त्याच्या भाषेत त्याच्या शेतीचे विज्ञान सांगणे हेही भाषेचेच काम आहे.

आकडा हाताला लागला पाहिजे

पावसाचे आकडे वर्तमानपत्रात रोज छापून येतात, परंतु शंभर मिलिमीटर म्हणजे किती हे फार थोड्यांना सांगता येते. येथे थोडे थांबून हिशोब फळ्यावर करून दाखवावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा असतो, म्हणून शंभर मिलिमीटर पावसात प्रत्येक गुंठ्यावर दहा हजार लिटर आणि एकरावर चार लाख लिटर पाणी पडते. एवढे पाणी आठ दिवसांत आले तर भाताचे खाचर ते जिरवते. तीन तासांत आले तर बांध फोडून माती घेऊन जाते. एकूण पाऊस तेवढाच राहूनही नुकसान कसे वाढते, याचे उत्तर श्रोत्याला या एका हिशोबात मिळते, आणि ते त्याने स्वतः काढलेले असते.

याच्या जोडीला गावाने स्वतःचा पाऊस मोजावा. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या आवारात, झाड आणि भिंत यांपासून दूर, सरळ बाजूंचे व सपाट तळाचे पारदर्शक भांडे बसवून शेजारी मोजपट्टी लावली तरी सुरुवात होते. पुढे पैसे जमले की रीतसर पर्जन्यमापक घ्यावा. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून आपली नोंदही रोज साडेआठलाच घ्यावी, म्हणजे अधिकृत आकड्यांशी तुलना करता येते. वहीत तारीख, नक्षत्र, मिलिमीटर आणि एक शेरा एवढे चारच रकाने ठेवावेत. शेऱ्यात त्या दिवशी शिवारात काय घडले ते लिहावे: धूळवाफ पेरणी केली, उगवण झाली, रोप पिवळे पडले, नाल्याचे पाणी रस्त्यावर आले. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राचे स्वयंचलित पर्जन्यमापक ग्रामपंचायत पातळीपर्यंत बसवलेले आहेत. त्यांची आकडेवारी मागून आपल्या वहीशी ताडून पाहावी. महिनाअखेरीस हा तक्ता दूध डेअरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला की त्यावर चर्चा झाल्याशिवाय राहत नाही. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून हवामान बदलले की नाही हे ठरत नाही, त्यासाठी तीस वर्षांची सरासरी लागते, हे मात्र त्याच तक्त्याखाली लिहून ठेवावे.

नदीकाठी हीच युक्ती क्युसेकच्या बाबतीत वापरावी. राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेत अमुक लाख क्युसेक विसर्ग, ही बातमी ऐकणाऱ्याला त्या आकड्यातून काही बोध होत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे सांगून झाल्यावर लगेच गावाच्या खुणा सांगाव्यात: कोणत्या पातळीला कल्लोळ-येडूर बंधारा बुडतो, कारदगा-भोज रस्ता कधी बंद होतो, जत्राट-भिवशीवरून पाणी गेले की आपल्या गल्लीत यायला किती तास लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या पातळ्या देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर रंगाने नोंदवून ठेवल्या तर कोणत्याही भित्तिपत्रकाहून त्यांचा परिणाम अधिक होतो.

विज्ञान किती आणि कसे

मूळ विज्ञान दहा मिनिटांत सांगता येते आणि ते टाळू नये. सूर्याची उष्णता जमिनीवर येते, तापलेली जमीन ती परत आकाशाकडे सोडते, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडसारखे वायू त्यातील काही भाग अडवतात. कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढते. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये सलग मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. घोंगड्याची उपमा येथे उपयोगी पडते, कारण घोंगडे स्वतः उष्णता निर्माण करत नाही, अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. उपमा एकच द्यावी आणि ती कुठे संपते तेही सांगावे: घोंगडे काढून ठेवता येते, हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षे राहतो.

त्यानंतरची पायरी आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. जगाचे सरासरी तापमान २०२४ मध्ये १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांत बाष्प अधिक असेल तर ते सह्याद्रीवर जोरकस सरींच्या रूपाने उतरण्याची शक्यता वाढते, आणि मधली उघडीपही लांबू शकते. ‘पाऊस कमी झालेला नाही, मग बदल कसला?’ असा प्रश्न खानापूरकडे हमखास येतो. एकूण बेरीज तीच राहून पावसाचे दिवस कमी आणि प्रत्येक दिवसाचा मारा अधिक होऊ शकतो, हे उत्तर वर केलेल्या गुंठ्याच्या हिशोबाला जोडून द्यावे.

हे सर्व अलीकडचे खूळ आहे असे कोणी म्हटले तर इतिहास सांगावा. युनिस फूट या अमेरिकन महिलेने १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि निवायलाही सर्वांत जास्त वेळ लागला. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी या वायूच्या वाढीने पृथ्वी किती तापेल याचे गणित १८९६ मध्येच मांडले होते.

काय हवामान बदलामुळे नाही, तेही सांगावे

माझ्या मते सीमाभागात वक्त्याची विश्वासार्हता सर्वांत जास्त येथे ठरते. बेळगावच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारात बळ्ळारी नाल्याचे पाणी शिरून भात कुजते, तेव्हा ‘हे हवामान बदलामुळे’ असे म्हणून मोकळे होणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे. गाळ आणि जलपर्णीने भरलेला नाला, त्यावरची अतिक्रमणे आणि अरुंद मोऱ्या ही कारणे त्याला रोज डोळ्यांनी दिसतात. वक्त्याने ती वगळली तर हा माणूस प्रशासनाची बाजू सावरायला आला आहे, असाच समज होईल आणि तो गैर म्हणता येणार नाही. पावसाचा जोर वाढण्याची शक्यता आहे, म्हणून नाला साफ करण्याची निकड पूर्वीपेक्षा अधिक आहे, अशी मांडणी करावी. ती खरी आहे, आणि मागणी करायला लोकांच्या हाती एक कारणही देते.

कृष्णाकाठची चर्चा तर पहिल्या वाक्यातच नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणावर जाते. तेथे चार गोष्टी सुट्या करून मांडाव्यात: पाणलोट क्षेत्रात किती पाऊस पडला, कोयना आणि काळम्मावाडीसारख्या वरच्या धरणांतून विसर्ग कधी व किती झाला, नदीच्या पात्रात भराव आणि पूल किती आडवे आले, आणि खालच्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाटा किती. शेवटच्या मुद्द्यावर दोन्ही राज्यांत मतभेद आहेत, हे सांगून पुढे जावे. निवाडा देण्याचा आव आणू नये. हवामान बदलाचा संबंध मुख्यतः पहिल्या गोष्टीशी आहे.

एल निनोचेही तसेच. प्रशांत महासागराचे पाणी दोन ते सात वर्षांच्या अंतराने तापणे ही नैसर्गिक घटना आहे. २०२३ मध्ये ती होती, त्या वर्षी देशभराचा मोसमी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला, आणि तरीही कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. देशाची टक्केवारी आपल्या तालुक्याला लागू होत नाही, हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही. त्याच न्यायाने दूरचे संशोधनही परस्पर आपल्या गावाला चिकटवू नये. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१७ च्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले. तो निष्कर्ष मध्य भारताचा म्हणूनच सांगावा. बेळगावची थंड हवा गेली अशी तक्रार शहरात सर्रास ऐकू येते. त्यात तोडलेली झाडे आणि वाढलेले काँक्रीट यांचाही वाटा आहे, तेव्हा सगळे माप जगाच्या तापमानवाढीच्या पदरात टाकू नये.

खात्री किती, हे स्पष्ट करावे

शास्त्रज्ञ ‘शक्यता’ म्हणतात तेव्हा सामान्य माणसाला ते गोंधळलेले वाटतात. आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या (आयपीसीसी) अहवालांत प्रत्येक शब्दाला माप असते: ‘शक्य’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘अतिशय शक्य’ म्हणजे किमान ९० टक्के. गावात बोलताना तीन पायऱ्या पुरतात. माणसाच्या कृतीमुळे पृथ्वी तापली आहे, हे निर्विवाद आहे. मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने तोच शब्द वापरला आहे. तापमान वाढेल तसा अतिवृष्टीचा जोर वाढेल, याबद्दल बरीच खात्री आहे. पुढच्या वर्षी अथणीत हस्ताचा पाऊस किती पडेल, हे आज कोणीही सांगू शकत नाही. तिसरी पायरी स्वच्छपणे कबूल केली की पहिल्या दोन पायऱ्यांवरचा विश्वास वाढतो.

इशारे दोन भाषांत

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. मराठी वृत्तवाहिन्या कोल्हापूर, सिंधुदुर्गचे इशारे सांगतात. बेळगाव जिल्ह्याचा इशारा बेंगळूरच्या हवामान केंद्राकडून येतो आणि तो गावापर्यंत मुख्यतः कन्नड किंवा इंग्रजीतून पोहोचतो. ज्या वृद्ध मराठी शेतकऱ्याला कन्नड वाचता येत नाही, त्याला शेजारच्या राज्याचा पाऊस कळतो आणि स्वतःचा कळत नाही. उलट, काळम्मावाडी आणि कोयनेच्या विसर्गाची माहिती आधी मराठीतून फिरते आणि नदीच्या खालच्या अंगाच्या कन्नड गावांना ती तितकीच हवी असते. म्हणून प्रत्येक गावात दोन्ही भाषा येणारे तीन-चार तरुण निवडून, इशारा आल्यापासून अर्ध्या तासात तो दोन्ही भाषांत व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ध्वनिक्षेपकावर जावा अशी साखळी बांधावी. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), आशा कार्यकर्ती आणि डेअरीचा सचिव त्या साखळीत असलेच पाहिजेत.

संदेशात तालुक्याचे नाव घालावे. बेळगाव जिल्हा एवढा मोठा आहे की ऑरेंज अलर्ट खानापूरच्या घाटासाठी खरा ठरतो त्याच दिवशी अथणीत ऊन असते, आणि असे दोनदा झाले की तिसरा इशारा कोणी मनावर घेत नाही. रंगांचा अर्थ एकदा पक्का करून द्यावा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसाला हवामान विभाग अत्यंत जोरदार पाऊस म्हणतो. नमुना असा ठेवता येईल: ‘खानापूर तालुका. उद्या सकाळी साडेआठपर्यंत लाल इशारा. मलप्रभेच्या काठची जनावरे आज संध्याकाळपूर्वी वर न्यावीत. स्रोत: हवामान विभाग, बेंगळूर, आज दुपारी १.’ वळिवाच्या दिवसांत विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ आणि पीकसल्ल्यासाठी ‘मेघदूत’ ही ॲप्स लोकांच्या मोबाइलमध्ये सभेतच उतरवून द्यावीत.

धरण फुटल्याच्या अफवा आणि भलत्याच ठिकाणच्या पुराचे व्हिडिओ दर पावसाळ्यात फिरतात. खोडून काढताना खरी माहिती आधी लिहावी, तारीख व वेळ घालावी, आणि मूळ व्हिडिओ पुन्हा पाठवू नये.

दोष आणि काम

शेतकऱ्याला अपराधी ठरवून कोणतीही सभा सुरू होऊ नये. भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि भाताच्या दोन खाचरांवर जगणाऱ्या कुटुंबाचे त्याहूनही कमी. उसाचे पाचट जाळू नका हे सांगावे, पण जमिनीचा सेंद्रिय अंश आणि ओल टिकते म्हणून. जगाचे तापमान तुमच्या पाचटाने वाढले, असे म्हणू नये, कारण ते खरे नाही. शाळांतील कार्यक्रम बहुधा ‘झाडे लावा’ एवढ्यावर येऊन थांबतात, आणि प्लास्टिक, ओझोनचे छिद्र, धूर हे सर्व एकाच पोत्यात भरले जाते. झाडे अवश्य लावावीत, पण वाढीचे मुख्य कारण कोळसा आणि तेल आहे, आणि आपल्या देशाची सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून होते, हे मुलांनाही कळायला हवे.

केवळ भीती घालून सोडून दिलेला श्रोता पुढच्या सभेला येत नाही, म्हणून उठण्यापूर्वी गावाच्या आवाक्यातील दोन-तीन कामे नावानिशी ठरवावीत. मृगापूर्वी कोणता नाला रोजगार हमीतून साफ करायचा आणि अर्ज कोण देणार, पीकविम्याची मुदत कोण कळवणार, रयत संपर्क केंद्रातून कमी मुदतीच्या भाताचे बियाणे कोण विचारून येणार, पुरात वृद्धांना कोणत्या शाळेत न्यायचे. शेतीचा सल्ला वक्त्याने स्वतः देऊ नये. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि मत्तीकोप्प व तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांना बोलवावे, आणि ते कन्नडमधून बोलणार असतील तर शेजारी बसून वाक्यागणिक मराठीत सांगणारा माणूस आधीच नेमावा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याच लोकांसमोर पुन्हा जावे. वही उघडून कोणत्या दिवशी इशारा होता आणि प्रत्यक्ष किती पाऊस पडला हे वाचून दाखवावे, फसलेले अंदाज आधी सांगावेत, आणि ठरलेल्या कामांपैकी राहिलेली कामे कोणाकडे अडली ते विचारावे. वहीची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक वाचनालयात ठेवावी. शाळेला सुटी लागते त्या दिवसांत साडेआठची नोंद कोण घेणार, हे नाव त्याच बैठकीत लिहून घ्यावे.